गोंदाचा भरलेला कॅन

गोंदाचा कॅन फळीवरून उतरवताना सूनबाईच्या खांद्यातून कळ गेली. हल्ली ती रोजच जाई. कॅन तसा मध्यम आकाराचा, पांढऱ्या प्लॅस्टिकचा. पूर्वी ती तो एका हाताने उतरवी आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला धरून गिऱ्हाइकाशी बोलत राही. आता दोन्ही हात लावूनही तो जमिनीला टेकेपर्यंत तिचा श्वास अडकलेला असे. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून तिने तो विषय संपवला होता. वय काही तसं झालेलं नव्हतं. पण दमलेल्या माणसाला एखादं कारण हाताशी सापडलं की दुसरं शोधायला तो उठत नाही.

कार्यशाळा तिच्या सासऱ्यांची. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत, अगदी त्यांची बायकोसुद्धा. मुलाने, म्हणजे सूनबाईच्या नवऱ्याने, लाकडाला कधी मनापासून हात लावला नाही. तो लांब पल्ल्याच्या मालट्रकवर होता आणि घरी आला की झोपलेला असे. लग्नानंतर मिस्त्रींचा कारागीर सोडून गेला, तेव्हा ती चार दिवस मदतीला म्हणून दुकानात आली, आणि ते चार दिवस अजून संपले नव्हते. मिस्त्री तिला हाक मारत तीच गल्लीने उचलली. शेजारचा कुलपं दुरुस्त करणारा, समोरची शिंपीण, गिऱ्हाइकं, सगळ्यांची ती सूनबाई. तिच्याहून वयाने मोठी असलेली पोस्टाची बाईही ‘सूनबाई, सही करा’ म्हणे.

मिस्त्रींची दोन गोष्टींवर श्रद्धा होती: धारेवर आणि गोंदावर. पटाशीला धार नसेल तर ते बोलत; गोंद सुकला तर ते बोलणं सोडून देत. पूर्वी कामच इतकं असे की कॅन सुकायच्या आत संपे. मग गल्लीच्या तोंडाशी तयार फर्निचरचं दुकान झालं, कामं रोडावली आणि तोच कॅन महिनोन्‌महिने पुरू लागला. कॅन रिकामा होत जाई तशी वरची जागा हवेने भरे. हवा लागली की गोंदावर दुधासारखी साय धरे, सायीच्या गाठी होत, गाठी लाकडाखाली उंचवटे करत. मिस्त्रींनी झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद दाबून पाहिला, वर पाण्याचा पातळ थर ठेवून पाहिला, कॅनच्या गळ्याभोवती ओलं फडकं गुंडाळून पाहिलं. शेवटी त्यांनी नदीतले गुळगुळीत गोटे आणले, बायकोच्या सर्वांत मोठ्या पातेल्यात उकळले, उन्हात खडखडीत वाळवले आणि नियम केला: जितका गोंद काढाल तितके गोटे आत सोडा. गोंदाची पातळी कायम गळ्याला टेकलेली हवी. वर हवेला जागाच ठेवायची नाही, मग ती सुकवणार कशाला?

पातेलं परत मिळालं तेव्हा सासूबाईंनी ते नाकाजवळ नेलं आणि मागल्या दारी ठेवून दिलं. “माझ्या बरण्यांना या माणसाने कधी एवढं जपलं नाही,” त्या म्हणाल्या होत्या, “आणि मला तर नाहीच.”

पण गोटे चालले. गोंद शेवटच्या थेंबापर्यंत ताज्या लोण्यासारखा मऊ राही. ओतताना गोटे बाहेर येऊ नयेत म्हणून कॅनच्या तोंडाला जाळी बांधली होती. नियमाचा दुसरा भागही होता: गळ्याशी गोटे दिसू लागले की नवा कॅन मागवायचा. ते बघण्याचं काम आधी मिस्त्रींचं होतं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं ते टाळत राहिले, आणि बघण्याचं काम आपोआप सूनबाईकडे आलं.

त्या दिवशी वकिलांच्या कचेरीचं सभेचं टेबल होतं. लांबलचक, दोन भागांत, आणि वरून अक्रोडाचं व्हिनियर, म्हणजे कागदासारखा पातळ लाकडी पापुद्रा, प्रत्येक भागावर अखंड चिकटवायचं होतं. असं काम आता वर्षात एखादं येई. शनिवारी टेबल पोचवायचं कबूल केलं होतं.

सूनबाईला त्या दिवशी आणखी एक काम होतं, आणि ते मिस्त्रींना माहीत नव्हतं. गावाबाहेर स्वयंपाकघरातली कपाटं बनवणारा कारखाना होता. तिथल्या पाळीच्या प्रमुख बाई मध्यंतरी एक जुनी खुर्ची दुरुस्तीला घेऊन आल्या होत्या. खुर्ची न्यायला आल्या तेव्हा सूनबाईचे हात बघत त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि जाताना हळूच ‘आमच्याकडे कामाला येता का’ असं विचारून गेल्या. ठरलेल्या वेळा, आठवड्याची सुट्टी, जड वस्तू उचलायला यंत्र. सूनबाईने मनातल्या मनात तेव्हाच हो म्हटलं होतं. तोंडाने म्हणायचं राहिलं होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, मी आलो की बोलतो बाबांशी. तो दोनदा आला आणि दोन्ही वेळा झोपला. आता त्या बाईंनी निरोप दिला होता: आज संध्याकाळपर्यंत सांगा, नाहीतर दुसरी तयार आहे.

तिने ठरवलं होतं, टेबल दाबाखाली गेलं, शिकंजे आवळले, की हात धुऊन बाबांना सांगायचं. मग फोन करायचा. काम संपल्यावर ते जरा मऊ असतात.

गोंद पसरायला सुरुवात केली की मधे थांबता येत नाही. म्हणून मिस्त्रींनी पंखा बंद केला, दार लोटून घेतलं, समोरच्या शिंपिणीला सांगून आले की आता कोणी हाक मारू नका. सूनबाईने घमेल्यात गोंद ओतला. तो जाळीतून एकसारखा, गुळगुळीत उतरला. दातेरी पट्टीने ती तो फळीवर ओढू लागली. मिस्त्री मागून बोट फिरवत कुठे कमी-जास्त झालंय ते चाचपत होते.

“आज हात असा का चालतोय? पाहुणी आल्यासारखा.”

“खांदा दुखतोय, बाबा.”

“माझा गुडघा तुझ्या लग्नाआधीपासून दुखतोय. मी त्याला रोज सोबत घेऊन येतो, तक्रार नाही.”

ती हसली नाही. त्यांनीही ती हसेल म्हणून म्हटलं नव्हतं. हे त्यांचं रोजचं होतं, हातात हत्यार घेण्यासारखं.

पहिल्या भागावर व्हिनियर बसलं. एका टोकाला तिने धरलं, दुसऱ्याला त्यांनी, आणि मधून दोघांनी लाकडी रूळ फिरवत हवा काढली. छान बसलं. वर जाड फळी ठेवून त्यांनी ते दाबाखाली घातलं. मिस्त्री म्हणाले, पाणी पिऊन घे हवं तर. तिला पाणी नको होतं, संपवायचं होतं. दुसऱ्या भागावर तिने घमेल्यात उरलेला गोंद ओढून घेतला, अर्ध्याहून थोडी अधिक फळी पांढरी झाली, आणि सवयीने व्हिनियरचा त्या बाजूचा अर्धा भाग मिस्त्रींनी टेकवलासुद्धा. उरलेला भाग हातांवर तोलून धरत ते म्हणाले, ओत लवकर.

तिने कॅन उचलला. जड होता, इतका गोंद ओतल्यावरही जड. तिरका केला. गोंदाची एक बारीक धार आली, मग आत काहीतरी गडगडलं, जाळीवर गोटे येऊन आपटले आणि धार तुटली. तिने कॅन उभा हलवला, पुन्हा तिरका केला. थेंब पडले. तिने जाळी सोडली आणि आत हात घातला. बोटांना गोट्यांवाचून काही लागेना. तळापर्यंत नुसते गोटे, एकमेकांत गच्च बसलेले, आणि त्यांच्या अंगाला लागलेला गोंद.

खांद्याचं काय झालं होतं ते तिला तिथे, हात कॅनमध्ये असताना कळलं. गोंदाहून दगड जड. गोंद संपत चालला होता तसतसा कॅन जड होत चालला होता, आणि बाहेरून तो कायम गळ्यापर्यंत भरलेला दिसत होता.

“काय झालं?” मिस्त्रींनी विचारलं.

“संपला.”

“मग दुसरा काढ.”

“दुसरा नाही, बाबा. मागवला नाही.”

फळीवरच्या गोंदाची चमक कडेकडेने कमी होऊ लागली होती. गोंद धरू लागल्याची ती खूण दोघांनाही माहीत होती. गोंदाचा दुकानदार गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि गावात हा गोंद ठेवणारा तो एकटाच. शेजारी कुलपांना तेल होतं, शिंपिणीकडे दोरा. धावत जाऊन आणण्यासारखं काही कुठे नव्हतं.

मग मिस्त्री असं काही बोलले की सूनबाईला आपण नीट ऐकलं का याची शंका आली. ते म्हणाले, “गोट्यांवर थोडं पाणी मार, खळखळ कर, जे निघेल ते ओढून ने. चिकटेल.”

एरवी गोंदात पाणी घालणाऱ्याला त्यांनी दुकानाची पायरी चढू दिली नसती. पण शनिवारचा वायदा होता, वकील होते, आणि असं काम पुन्हा कधी येईल याचा भरवसा नव्हता. सूनबाईने मनाशी हिशेब केला. चिकटेल, हे खरं. शनिवारी टेबल जाईल, वकील हात फिरवून बघतील, खूश होतील. मग हवा कोरडी झाली की मधोमध फुगा येईल, कडा सुटेल आणि कचेरीतून फोन येईल. तो फोन ती घेणार नव्हती. ती तेव्हा कारखान्यात असणार होती. मिस्त्री फुग्यात गोंद सोडायला सुई आणि तो दाबायला इस्त्री घेऊन एकटे जातील, गुडघ्यावर बसतील, कपाळ टेबलाला टेकेपर्यंत वाकून तो फुगा शोधतील, आणि वकिलांचे कारकून उभे राहून बघतील. पाणी घालणं सोपं होतं. ती इतकी दमली होती की सोपं तेच बरोबर असावं असं तिला फार वाटत होतं.

“नाही,” ती म्हणाली. “काढून टाकू. ओलं आहे तोवर निघेल.”

“शनिवार जाईल.”

“जाऊ दे.”

त्यांनी वाद घातला नाही. दोघांनी दोन टोकांकडून व्हिनियर उचलायला घेतलं. वाफ लागलेल्या कागदासारखं ते सुटत होतं. घाई केली तर फाटेल, थांबलं तर धरून बसेल. सूनबाई पातळ पट्टी खाली सारत पुढे जात होती आणि मिस्त्री नुसत्या बोटांनी, डोळे मिटून. बघून त्यांना काही उपयोग नव्हता, म्हणून ते मिटत. एका जागी बारीक चिरफळी उडाली. मिस्त्रींनी ती फेकली नाही, तिथल्या तिथे बसवून वर कागदाची चिकटपट्टी दाबली. अखेर ते सगळं निघालं, ओलं आणि कडांना वळलेलं. वर्तमानपत्रांच्या घड्यांमध्ये घालून त्यांनी ते दोन फळ्यांखाली दाबून ठेवलं. मग बादली भरली, फडकी घेतली आणि दोघंही फळीवरचा गोंद पुसायला बसली. तो वाळण्याआधी निघायला हवा होता. नाहीतर रंध्याने तासावा लागला असता.

फडकी पिळता पिळता बादलीतलं पाणी पांढरं होत गेलं.

“गळ्याशी गोटे आले होते,” मिस्त्री म्हणाले. “मागच्या खेपेला मी एक सोडला तर तो बुडेना. मी बोटाने दाबला.”

“मग बोलला का नाही?”

“वाटलं, तू मागवला असशील. पुन्हा विचारलं की तुला वाटतं म्हातारा विश्वास ठेवत नाही.” त्यांनी फडकं उलटं केलं. “तुला गोटे दिसले नाहीत असं होणार नाही. तू बघायचं सोडलंस.”

सूनबाई पुसत राहिली. आता थांबण्यात अर्थ नव्हता. तिने ठरवलेली वेळ कधीच निघून गेली होती. ते मऊ नव्हते, तिचे हात धुतलेले नव्हते.

“हो.”

“कधीपासून?”

“ती खुर्ची दुरुस्तीला आली होती ना, वेताची. त्या बाई न्यायला आल्या, तेव्हापासून.” आणि मग तिने सगळं सांगितलं: कारखाना, ठरलेल्या वेळा, आज संध्याकाळपर्यंत द्यायचं उत्तर. नवऱ्याला माहीत आहे हेही सांगितलं. खाली मान घालून, फळीवरचा एकच डाग पुन्हा पुन्हा पुसत.

मिस्त्रींनी फडकं बादलीत बुडवलं, पिळलं, पुन्हा बुडवलं. “मला वाटलं, डोळे माझेच गेले,” ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “सांगायचं होतंस. गोंद तरी मागवला असता.”

“सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?”

“नको म्हणालो असतो.”

“म्हणूनच.”

यावर त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. पुढे त्यांनी जे विचारलं ते सगळं बारीकसारीक होतं. पाळी किती वाजता सुरू होते, जायला बस आहे का, छप्पर पत्र्याचं की पक्कं. जेवायला सुट्टी देतात का? देतात, ती म्हणाली. बसून जेवायला? बसून. त्यांनी हे जरा विचारात घेतलं. गोंद कसा ठेवतात, हेही विचारलंच. तिने ऐकलं होतं ते सांगितलं: मोठी बंद पिंपं, नळीने यंत्राला जोडलेली, झाकण कोणी उघडतच नाही. “मग गोंद जातो तिथे काय भरतं?” मिस्त्री म्हणाले. तिला माहीत नव्हतं. त्या उत्तराने त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

तिने दुकानदाराला फोन लावला. कॅन सोमवारी सकाळी मिळेल, त्याआधी नाही, माल संपलाय. वकिलांच्या कचेरीचा फोन मिस्त्रींनी स्वतः मागून घेतला. एरवी असे फोन ते तिच्यावर ढकलत. पलीकडचा कारकून बराच वेळ बोलत होता. मिस्त्री एवढंच म्हणाले की चूक आमची आहे, टेबल उशिरा येईल, पण आलं की पुन्हा आम्हाला बोलवावं लागणार नाही. मग फोन तिच्याकडे परत देत ते म्हणाले, “आता तुझा कर.”

ती दाराकडे निघाली.

“इथूनच कर. बाहेर गाड्यांचा आवाज आहे, काही ऐकू यायचं नाही.”

बोटांवरचा वाळलेला गोंद सोलत तिने नंबर लावला. पाळीच्या बाईंनी लगेच उचलला. सूनबाई म्हणाली, येते. बाई म्हणाल्या, छान, सोमवारी सकाळी या, पहिल्या दिवशी सगळ्या नव्या माणसांनी एकत्रच यायचं असतं, मागे राहिलं की मग पुढच्या महिन्यात.

सोमवारी गोंद येणार होता. सूनबाई फोन कानाला धरून उभी राहिली. बाईंचा आवाज इतका खणखणीत होता की दुकानात तो मिस्त्रींनाही ऐकू गेला असणार.

“सोमवार सांग,” ते फळीवरून मान न उचलता म्हणाले.

तिने फोनवर हात ठेवला. “व्हिनियर एकट्याने बसत नाही, बाबा.”

“तुझ्या सासूला बोलावतो. जन्मभर तिने मला धरून ठेवलंय, एक पापुद्रा धरायला काय होतं तिला?”

“त्या येतील?”

“बोलेल खूप. येईल.”

पलीकडून बाई हॅलो, हॅलो म्हणत होत्या. सूनबाईने हात काढला आणि सोमवारी येते म्हणाली. बाईंनी सोबत काय काय आणायचं ते सांगितलं. तिने ऐकलं, बरं म्हणाली, फोन बंद केला. सुटल्यासारखं काहीतरी वाटेल अशी तिची कल्पना होती. वाटलं ते एवढंच, की अजून अर्धी फळी पुसायची आहे आणि पाणी गढूळ झालंय. तिने बादली ओतली, नवी भरून आणली, मिस्त्रींच्या आणि तिच्या मधे ठेवली.

मिस्त्री फळीच्या कडेवरून बोट नेत होते, सावकाश, एका टोकापासून. मधेच बोट थांबलं.

“इथे राहिलंय.”

“आले,” ती म्हणाली, आणि फडकं पिळून त्यांच्या बाजूला जाऊन बसली.